दोन कुलपांची पेटी

"म्युझियम किती वाजता बंद हुतंय?"

गाडीतून फलाटावर पाय ठेवल्या ठेवल्या रामलिंगानं विचारलेला पहिला प्रश्न हा. सहा वर्षांनी भेटत होतो आम्ही. मी मिठी मारायला दोन्ही हात पुढे केले होते, ते तसेच राहिले.

"पाचला," मी म्हणालो. "पण आधी माणसासारखा भेट तरी."

मग तो भेटला. अंगात कारखान्यानं दिलेला निळा कोट, पायांत आरशासारखे चकचकीत बूट, खांद्याला कापडी पिशवी. सप्टेंबरातला शनिवार होता, साल चौऱ्याऐंशी. मी जर्मनीतल्या त्या नदीकाठच्या शहरात भूगर्भशास्त्रात पीएच.डी. करत होतो. रामलिंगाला कोल्हापूरच्या इंजिनांच्या कारखान्यानं सहा महिन्यांच्या ट्रेनिंगला दोन तासांवरच्या एका गावात धाडलं होतं. आम्ही दोघं एकाच गावचे, कडगणीचे. चौथीपर्यंत एका बाकावर बसलेलो.

मी त्या दिवसाचा बेत आठवडाभर आधी आखला होता. आधी मोठं चर्च, मग त्याचा मनोरा, दुपारी नदीतली बोट आणि शेवटी चांगल्या ठिकाणी केक आणि कॉफी. परदेशात राहणाऱ्या माणसाला आपल्या गावचा माणूस आला की शहर दाखवायची मोठी हौस असते, जसं काही ते शहर त्यानंच बांधलंय. आणि हा पठ्ठ्या विचारतोय म्युझियम.

"काय आहे त्या म्युझियममध्ये?" मी विचारलं. "फुटकी मडकी आणि धूळ. पाच वर्षं झाली मला इथं, मी एकदाही गेलो नाही."

"मी दोनदा आलतो," तो म्हणाला.

"काय? दोनदा या शहरात येऊन गेलास आणि मला कळवलं नाहीस?"

"आता कळवलं न्हवं का?"

झालं. तिथंच माझं डोकं फिरलं. मी मुळात तापट. आई म्हणायची, दौलतच्या नाकाच्या शेंड्यावर राग असतो, शिंकला तरी बाहेर पडतो. स्टेशनपासून चर्चपर्यंतचा अर्धा तास मी त्याला फैलावर घेतलं. मैत्री म्हणजे काय, गाववाले म्हणजे काय, आणि माझ्या दारावरून परस्पर जाणं म्हणजे काय. तो ऐकत चालला होता. रामलिंग पहिल्यापासून असाच. शाळेत मास्तर छडी मारायचे तेव्हाही हात मागे घ्यायचा नाही आणि ओरडायचाही नाही. त्यामुळे मास्तरांना वाटायचं, याला लागतच नाही.

चर्चमध्ये त्यानं रंगीत काचा बघितल्या, मान वर करून छत बघितलं, "लई उंच हाय" म्हणाला. मनोऱ्याच्या तीनशे पायऱ्या माझ्या आधी चढला. वरून मी त्याला नदी, पूल, विद्यापीठ आणि माझी खोली कुठं ते दाखवलं. सगळ्याला तो "व्हय, व्हय" म्हणत होता आणि डोळे कुठं तरी भलतीकडेच.

खाली आलो तेव्हा एका कोनाड्यात त्याला एक लोखंडी पट्ट्यांची जुनी पेटी दिसली. तिथं मात्र तो थांबला. पेटीला दोन कुलपं होती, हाताच्या पंजाएवढी.

"काय लिवलंय?" त्यानं पाटीकडे बोट दाखवलं.

मी वाचून सांगितलं. चर्चचा मौल्यवान ऐवज या पेटीत असायचा. एक किल्ली धर्मगुरूंकडे, दुसरी शहराच्या पंचांकडे. दोघं हजर असले तरच पेटी उघडायची.

"आपल्यागतच की," रामलिंग म्हणाला.

मी घड्याळात बघितलं.

"म्हंजे एकट्याला चोरी करता येऊ ने म्हणून दोन कुलपं."

"उघड आहे."

"मग दौलत, दोन कुलपांच्या पेटीतनं चोरी झाली तर चोर किती?"

"रामलिंग," मी आवाज चढवला, तसं बाकावर प्रार्थना करत बसलेल्या एका म्हातारीनं वळून बघितलं. "मी तुला शहर दाखवायला आणलंय. ते उकरून काढायचं असेल तर स्टेशन तिकडे आहे."

तो काय म्हणत होता ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. आमच्या गावच्या रवळनाथाचा पितळी मुखवटा असाच दोन कुलपांच्या पेटीत असायचा. एरवी देवळात दगडी मूर्तीची पूजा चालायची. मुखवटा बाहेर यायचा तो वर्षातून एकदाच, माघातल्या जत्रेत, पालखीत बसवायला. एक किल्ली गुरवाकडे, म्हणजे रामलिंगाच्या वडलांकडे, भैरूतात्यांकडे. दुसरी गावच्या मुख्य मानकऱ्याकडे, म्हणजे आमच्या देसायांच्या घरात, माझ्या वडलांच्या, आबांच्या तिजोरीत. कितीतरी पिढ्या हेच चालत आलं होतं. अठ्ठ्याहत्तरच्या जत्रेत दोन्ही किल्ल्या लावून पेटी उघडली तर आत नुसता शेला. मुखवटा नाही.

देवळासमोर गावाची बैठक भरली. आबा म्हणाले, माझी किल्ली तिजोरीतून हललेली नाही. गावानं मानलं. भैरूतात्या म्हणाले, माझ्या एकट्याच्या किल्लीनं पेटी उघडतच नाही. ते कुणीच मानलं नाही. देसायांच्या किल्लीची नक्कल यानंच करून घेतली असणार, असं ठरलं. पोलिसांत कुणी गेलं नाही. आबांनीच जाऊ दिलं नाही, 'गरिबाची पोरंबाळं आहेत' म्हणून. लोकांनी वर त्यांच्या मोठ्या मनाचं कौतुक केलं. गुरवाची पूजेची पाळी काढून घेतली. आठ दिवसांत ते घर गाव सोडून इचलकरंजीला गेलं. मी तेव्हा कोल्हापुरात कॉलेजात होतो. बैठकीला मी नव्हतो, आणि मला कुणी काही विचारलंही नाही. वाईट मात्र वाटलं होतं. अगदी मनापासून वाटलं होतं.

बोटीचा बेत रामलिंगानं हाणून पाडला. म्हणाला, नदी काठावरनं बी दिसती. मग काठावरच्या बाकावर बसलो. त्यानं पिशवीतून डबा काढला. नाचणीची भाकरी आणि लसणीची चटणी. येताना आईनं बांधून दिलेलं पीठ तो पुरवून पुरवून वापरत होता, त्यातली शेवटची भाकरी त्यानं माझ्यासाठी राखली होती. पाच वर्षांनी नाचणी तोंडात गेली आणि माझा राग जरा निवला.

"तात्या कसे आहेत?" मी विचारलं.

"दम्यानं बेजार हाईत. मागावर रातपाळीची राखण करत्यात." तो भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून बसला. "दर पत्रात एकच. देवाची पायरी एकदा चढायची हाय. पण चोर म्हणून चढणार न्हाई, आणि चोर म्हणून मरणार बी न्हाई. औषिद घ्या म्हटलं तर घेत न्हाईत. पहिलं नाव धुऊन काढा म्हणत्यात."

"होईल रे काहीतरी," मी म्हणालो. असल्या वेळी माणूस जे म्हणतो ते.

"आता म्युझियमला जाऊया?"

"चल बाबा," मी म्हणालो. "एकदाचं बघून टाकू तुझं म्युझियम."

म्युझियम म्हणजे एका दगडी इमारतीचे तीन मजले. दुसऱ्या मजल्यावर पाटी होती, 'दूरदेशींच्या संस्कृती'. म्हणजे आफ्रिकेतले भाले, कुठल्या तरी बेटावरची होडी आणि आम्ही, सगळे एका दालनात. माझ्या कपाळावर पहिली आठी तिथंच पडली. रामलिंग आजूबाजूला बघतही नव्हता. आपल्या घरात चालावं तसा तो थेट कोपऱ्यातल्या कपाटापाशी गेला, खाली वाकला आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागला.

"अरे, काय करतोस?"

त्यानं बूट काढून बाजूला ठेवले, मोजेही काढले, आणि हात जोडून उभा राहिला. मी काचेतून आत बघितलं.

रवळनाथ होता.

शेला नाही, फेटा नाही, कपाळावर गंधाचा ठिपका नाही. एका लोखंडी काटकीवर खोचलेला उघडाबोडका देव. लहानपणी पालखीत बघितलेलं ते तोंड मी कधी इतक्या जवळून बघितलं नव्हतं. तरी शंका येऊ नये असं ते तोंड होतं. तेच वटारलेले डोळे, त्याच वर वळलेल्या मिशा.

"तोच असेल कशावरून?" तरी मी म्हणालो. "असे मुखवटे कोकणात पन्नास सापडतील."

"डाव्या कानाला तांब्याची रिव्हेट हाय बघ. आज्ज्यानं मारलेली. कान निखळला हुता." त्याचा आवाज अगदी सपाट होता. "आणि हनवटीखाली डाव्या बाजूला खळगा हाय. अंघोळ घालताना आमी तितं अंगठा धरतो. मी बी धरलाय. आमच्या अंगठ्यांनी झिजलंय त्ये."

मी गुडघ्यांवर बसून खालून बघितलं. खळगा होता.

मग मी पाटी वाचली. 'नृत्याचा मुखवटा. पश्चिम भारत. आदिम जमातींच्या नाचात वापर.'

माझं पित्त खवळलं. नाच? आदिम जमाती? ज्याच्यापुढे माझी आई डोकीवरचा पदर ढळू देत नसे, ज्याची शपथ घेऊन खोटं बोलायची गावात कुणाची छाती नव्हती, त्याला हे लोक नाचवत होते! तेवढ्यात पहारेकरी आला आणि रामलिंगाच्या अनवाणी पायांकडे बोट दाखवून म्हणाला, "इथं बूट काढायला परवानगी नाही. कृपया घाला."

"घालणार नाही!" मी जर्मनमध्ये ओरडलो. बूट माझे नव्हते, मी तर माझे काढलेही नव्हते. पण ओरडलो मी. "हा आमचा देव आहे. चोरीचा माल मांडून ठेवलाय तुम्ही, आणि वर आम्हाला नियम सांगता? कोण आहे इथला साहेब? बोलवा त्याला!"

"दौलत, हळू," रामलिंग म्हणाला. पण मला अडवायला त्यानं हात पुढे केला नाही, हे मला नंतर आठवलं.

पहारेकऱ्यानं आम्हाला खालच्या मजल्यावरच्या ऑफिसात नेलं. रामलिंग बूट हातात घेऊन अनवाणीच आला. ऑफिसात एक पन्नाशीची बाई होती. केस मागे बांधलेले, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. तिनं आम्हाला बसायला सांगितलं. मी बसलो नाही. मी जे भाषण सुरू केलं ते आजही मला शब्दन् शब्द आठवतं, आणि आठवलं की अंगाची लाही होते, माझ्या स्वतःच्याच. मी म्हणालो, तुम्ही लोक शेकडो वर्षं जग लुटत आलात. म्हणालो, या मुखवट्यापायी एक निरपराध म्हातारा देशोधडीला लागला. म्हणालो, ज्यानं हा इथं आणला तो चोर, ज्यानं ठेवून घेतला तो चोराचा साथीदार, आणि या वस्तूचे कागद आत्ताच्या आत्ता माझ्यासमोर आले नाहीत तर मी वर्तमानपत्रांत जाईन.

"कागद बाहेरच्या माणसांना दाखवत नाही आम्ही," बाई शांतपणे म्हणाल्या. त्यांनी रामलिंगाकडे बघितलं. "या गृहस्थांनाही मी हे सांगितलं होतं. दोनदा."

"मी बाहेरचा नाही!" मी शेवटचा पत्ता टाकला. "मी इथल्या विद्यापीठात संशोधन करतो. प्रोफेसर हार्टविग यांचा विद्यार्थी. ते गेले नसते तर आज मी त्यांनाच इथं घेऊन आलो असतो!"

प्रोफेसर हार्टविग त्या शहरात बडं नाव होतं. आमच्या भागातल्या डोंगरांत बॉक्साइट शोधायला ते आले तेव्हा दोन हिवाळे आमच्याच घरी उतरले होते. माझी हुशारी बघून त्यांनीच मला जर्मनीला बोलावून घेतलं, असं आमच्या घरात सांगत. मीही सगळ्यांना तेच सांगत असे. दीड वर्षापूर्वी ते वारले तेव्हा मी त्यांच्या शवपेटीला खांदा दिला होता.

बाईंचा चेहरा एकदम बदलला. राग गेला आणि त्या जागी गोंधळ आला.

"मग आपल्याला माहीत असेलच," त्या म्हणाल्या. "तो मुखवटा प्रोफेसर हार्टविग यांच्याच संग्रहातला आहे. मृत्यूनंतर त्यांच्या घरच्यांनी आम्हाला दिला. चोरीचा म्हणता आपण? त्यांच्यावर असा आरोप मी ऐकून घेणार नाही. त्यांच्याकडे मालकाचं पत्र होतं."

त्या उठल्या, कपाटातून एक करडी फाइल काढली, आतला कागद शोधला आणि माझ्यापुढे ठेवला. बाहेरच्या माणसांना कागद न दाखवण्याचा नियम त्यांनी मोडला, तो त्यांच्या प्रोफेसरांची अब्रू राखायला.

कागद इंग्रजीत टाइप केलेला होता. आमच्या तालुक्याच्या कोर्टाबाहेर बसणारे टायपिस्ट करायचे तसा, ओळी जरा तिरक्या. 'आमच्या घराण्याच्या मालकीचा जुना पितळी मुखवटा आपणास स्नेहाची भेट म्हणून स्वखुशीने देत आहे. माझे चिरंजीव दौलत यांच्या उच्च शिक्षणाबाबत आपण दिलेल्या शब्दाबद्दल कृतज्ञ आहे.' खाली तारीख, जत्रेच्या सोळा दिवस आधीची. आणि मराठीत सही. मालोजीराव दौलतराव देसाई.

त्या सहीतल्या 'म'ची गाठ डावीकडे लांब ओढलेली असायची. शाळेच्या प्रगतिपुस्तकावर मी ती दर तीन महिन्यांनी बघत आलो होतो. 'देसाई'ची शेवटची वेलांटी कागदाच्या काठापर्यंत गेलेली. ती सही करताना आबा जीभ दातांत धरायचे.

"यातले दौलत म्हणजे आपणच का?" बाईंनी विचारलं.

मी हो म्हणालो की नाही ते आठवत नाही. रामलिंगानं माझ्या हातून कागद घेतला. इंग्रजी त्याला येत होतं तितपत. त्यानं एकेका शब्दाखाली बोट धरून पूर्ण वाचला, सहीवर क्षणभर थांबला आणि बाईंना परत देऊन म्हणाला, "डांके," म्हणजे आभार. मग खाली वाकून शांतपणे मोजे आणि बूट घातले.

बाहेर पायऱ्यांवर आल्यावर माझा राग परत आला. खरं तर यायचं काहीच कारण नव्हतं. पण दुसरं काही माझ्याजवळ नव्हतंच.

"तुला माहीत होतं!" मी त्याच्यावर तुटून पडलो. "सगळं माहीत होतं तुला. मला फसवून आणलंस. मला त्या बाईसमोर नागवं करायला! सरळ सांगायला तोंड नव्हतं?"

"आत काय लिवलंय त्ये म्हाईत न्हवतं," तो म्हणाला. "देव हितं हाय एवढंच कळलं हुतं, जुलैत, सुट्टीला हिंडत आलतो तवा. मी दोनदा कागद मागितला. हळू मागितला. बाईनं न्हाई म्हणून सांगितलं. तू मोठ्यानं मागतोस. तुमच्या घरात समद्यांनाच मोठ्यानं मागायची सवय हाय, आणि मागितलं की मिळतंय. म्हणून तुला आणला."

"आता मिळाला ना कागद? जा, घेऊन जा गावात! लाव देवळाच्या खांबाला!"

"बाई कागद दील व्हय? आणि दिला तरी इंग्रजी कागद गावात वाचणार कोण? आबासायेब म्हणतील खोटा हाय, गाव म्हणंल खोटा हाय." तो माझ्याकडे वळला. सकाळपासून पहिल्यांदाच त्यानं माझ्या डोळ्यांत बघितलं. "मला कागद नको, दौलत. मला तू पायजेस."

"मी काय करणार?"

"किल्ली न्यायला तूच आलतास."

नदीवरून वारा येत होता. पायऱ्यांवर काही पोरी आइसक्रीम खात बसल्या होत्या. त्या हसत होत्या.

"जत्रेच्या आधी दोन हप्ते," तो म्हणाला. "बेस्तरवार. मी अंगणात द्रोण लावत बसलोतो. तू आलास, म्हणालास, आबांनी किल्ली मागितल्या, मुखवटा उजळायला धाडायचाय. तात्यांनी उठून दिली. इचारलं बी न्हाई. देसायाच्या घरात इचारायचं कसं? चार दिवसांनी तूच परत आणून दिलीस. म्हणालास, ठेवला पेटीत. तात्यांनी बैठकीत ह्येच सांगितलं. आबासायेब म्हणालं, दौलत त्या हप्त्यात कोल्हापुरात हुता, परीक्षा हुती त्येची. बैठक हसली."

"मी..." मी म्हणालो.

"तू मुखवटा बघितला न्हवतास, म्हाईत हाय मला. तुला आबांनी सांगितलं, तू येऊन सांगितलंस. तुझ्यावर माझा काय बी राग न्हाई. एक ओळ लिहून दे. किल्ली मी नेली हुती. बास. तेवढी ओळ घेऊन मी तात्यांला पायरी चढवतो."

एक ओळ. पाच शब्दसुद्धा नाहीत. पण त्या ओळीच्या मागोमाग आबा येत होते, आमचं घर येत होतं. माझी पीएच.डी., माझी नदीकाठची खोली, माझी हुशारी, सगळं त्या ओळीला बांधलेलं होतं. तो ओळ मागत होता, आणि मला वाटत होतं तो माझं आयुष्यच मागतोय. मी केवढा भडकलो होतो त्या वेळी! लुटारूंवर, पाटीवर, पहारेकऱ्यावर. दिवसभर सगळ्या जगाला जाब विचारत फिरलो होतो मी.

"मला आठवत नाही," मी म्हणालो.

"काय?"

"मी किल्ली नेल्याचं. मला काही आठवत नाही, रामलिंग. सहा वर्षं झाली."

त्यानं माझ्याकडे बघितलं, छडी खाल्ल्यावर मास्तरांकडे बघायचा तसं. मग पिशवी खांद्याला लावली. स्टेशनपर्यंत मी त्याच्या मागोमाग चाललो. गाडी लागलेलीच होती. दारात उभा राहून तो म्हणाला, "केक राहिला तुझा." आणि गाडी हलताना, "आठवलं की कळीव."

मी कळवलं नाही. डिसेंबरात त्याचं ट्रेनिंग संपलं, तो परत गेला. भैरूतात्या पुढच्या वर्षी वारले, इचलकरंजीत, मागाच्या शेडला लागून असलेल्या खोलीत. आईच्या पत्रात ती बातमी शेवटच्या ओळीत होती, आंब्याला मोहोर चांगला आल्याच्या खाली. आबांना मी कधी काही विचारलं नाही. ते मानानं जगले आणि मानानं गेले. मी डॉक्टर झालो, नोकरी केली, आता रिटायर होऊन पुण्यात असतो. राग अजून तसाच आहे. बँकेत, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, वर्तमानपत्र वाचताना, अन्याय मला खपत नाही. लोक म्हणतात, देसाई म्हणजे सडेतोड माणूस.

गेल्या महिन्यात कडगणीहून देवस्थान समितीचं पत्र आलं. रवळनाथाच्या देवळाचा जीर्णोद्धार झालाय. सभामंडपाला आबांचं नाव दिलंय. उद्घाटनाला स्मरणिका निघणार आहे, त्यात 'कै. मालोजीराव देसाई यांच्या देवस्थानसेवेबद्दल' त्यांच्या चिरंजीवांचे दोन शब्द हवेत. पत्रासोबत संगमरवरी पाटीचा फोटो होता. तो बघितला आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गावाला लाज कशी नाही, म्हणून मी टेबलावर हात आपटला. बायको स्वयंपाकघरातून धावत आली. म्हणाली, आता कुणावर?

कुणावर ते सांगायला मला तीन दिवस लागले. मग समितीला मजकूर पाठवला. तो असा.

'अठ्ठ्याहत्तर सालच्या जत्रेआधी मुखवट्याच्या पेटीची किल्ली भैरू गुरव यांच्याकडून मी नेली होती. माझ्या वडलांच्या सांगण्यावरून नेली होती. मुखवटा माझ्या वडलांनी परदेशी पाहुण्याला देऊन टाकला आणि त्याच्या बदल्यात मी शिकलो. भैरू गुरव यांनी बैठकीत सांगितलेला शब्द न् शब्द खरा होता. मला वाईट वाटतं हे मी लिहीत नाही. वाईट मला तेव्हाही वाटलं होतं, त्याचा त्यांना उपयोग झाला नाही. छापायचं असेल तर एवढंच छापा. नाही तर पाटी उतरवा.'

समितीचं उत्तर अजून आलेलं नाही. येईल असं वाटत नाही.

रामलिंगाचा पत्ता मी कोल्हापूरच्या कारखान्याच्या पेन्शनवाल्यांकडून मिळवला. त्याला त्याच मजकुराची एक प्रत पाठवली, सहीनिशी. सोबत चिठ्ठी लिहायला बसलो. आठवलं की कळीव, असं तो म्हणाला होता. 'आठवलं' असं लिहिलं, खोडलं. कागद बदलला. मग खरं ते लिहिलं.

'रामलिंग, त्या दिवशी पायऱ्यांवर मला सगळं आठवत होतं.'